दहा गोळ्यांचा कोर्स

देवाने सहा दिवसांत जग उरकलं, ही घाई झाली, असं तुमच्या आजोबांच्या शिरूरच्या मित्राचं, म्हणजे आमच्या सरांचं, ठाम मत होतं. नीट आखणी केली असती तर त्याचे बरोबर दहा घटक झाले असते. तुमच्या विद्यापीठात कोर्सचे मॉड्यूल पाडतात आणि ते तुम्ही घरी बसून हवे तेव्हा उघडता, हे तुम्ही फोनवर कौतुकाने सांगितलंत तेव्हा मला हसू आलं. ते मी दौंडमध्ये पंधरा वर्षांपूर्वी पुठ्ठ्यावर चिकटवलेलं पाहिलं आहे.

दूरशिक्षणाचं एक अभ्यासकेंद्र दर रविवारी आमच्या गावात भरे. सर त्याचे प्रमुख, आणि इंग्रजी शिकवायला त्यांनी मला ओढलं होतं. शिरूरहून एसटीने यायचे, माझी चर्चची उपासना आटोपेपर्यंत आमच्या ओट्यावर पेपर वाचत बसायचे आणि चहा घेऊन आम्ही केंद्रावर जायचो. दूरशिक्षणाच्या पुस्तकांत प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टं असतात आणि शेवटी स्वयंमूल्यमापन. सरांनी ती पद्धत संसारालाही लावली होती. कप हातात घेतला की म्हणायचे, "वहिनी, हा चहा संपल्यावर तुम्हाला पुढील दोन गोष्टी सांगता येतील." आणि कप ठेवताना विचारायचे, "आता सांगा, मी काय म्हणालो?" एकदा हाच प्रश्न त्यांनी स्वतःच्या बायकोला केला. ती म्हणाली, "काय म्हणालात ते राहू द्या, साखर आणायची विसरलात." सरांनी तिला पूर्ण मार्क दिले. आंबासुद्धा ते दहा फोडी करून खात, आणि कोय हा ऐच्छिक घटक असे. एवढा आखीव माणूस, पण स्वतःचा पीएच.डी.चा प्रबंध मात्र सहाव्या प्रकरणावर सोडून बसलेला. तो विषय निघाला की सर चष्मा पुसत.

आमच्या वर्गात खुटबावची सुनंदा होती. कुरकुंभच्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. तिचे बाकी सगळे विषय सुटले होते, इंग्रजी तेवढं राहिलं होतं. या खेपेला राहिलं असतं तर नोंदणीची मुदत संपून सगळं पहिल्यापासून, आणि पॅकिंगमधून ऑफिसात जायची आशाही संपली असती. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे रविवार हुकायचे. एकदा ती सरांना म्हणाली, "सर, आमच्या गोळ्यांची स्ट्रिप असती ना, तसं द्या की. जवा वेळ घावंल तवा एक फोडीन." दुसरा कोणी हसला असता. सर आठ दिवस झोपले नसावेत. पुढच्या रविवारी त्यांनी पुठ्ठा आणला. त्यावर पाच-पाचच्या दोन रांगांत दहा छोटी पाकिटं, प्रत्येकात घडी घातलेला एक पाठ. मागे लिहिलेलं: 'दिवसाआड एक. जेवणानंतर. बरं वाटलं तरी कोर्स पुरा करावा.' खाली एक्सपायरी म्हणून परीक्षेची तारीख.

सुनंदाने घरी सांगितलं, "माझा कोर्स चालू हाय." तिच्या सासऱ्यांचा शिक्षणावर राग. त्यांना वाटलं, सून आजारी आहे. तिने खुलासा केला नाही. एका रविवारी तिची सासू पत्ता विचारत थेट आमच्या ओट्यावर आली. पदराखालून तिने तो पुठ्ठा काढला तेव्हा माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. सर कधी खोटं बोलत नसत, आणि खरं बोलले असते तर सुनंदाचे रविवार गेले असते.

"सर, किती दिसांचा कोर्स हाय ह्यो?"

"दहा भाग आहेत, मावशी. सहा झालेत."

"आन् मधीच सोडला तर? उलटत न्हाई ना?"

"उलटतो," सर म्हणाले. "फार उलटतो. जन्मभर."

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. ते सुनंदाबद्दल बोलत नाहीत, हे फक्त मला कळलं.

"बरं, गुण येईल का?"

"चाळीस तरी यायलाच हवेत."

"चाळीसच? आता घेतलायच कोर्स तर पुरता गुण येऊ द्या की! पथ्य काय?"

"जेवण झाल्यावर तासभर तिला कोणी हाक मारायची नाही."

"व्हय. भांडी मी घाशीन," असं म्हणून म्हातारीने पुठ्ठा पुन्हा पदराखाली घेतला.

निकाल लागला त्या रविवारी सासूसुना दोघी आल्या, गुऱ्हाळावरची गुळाची ढेप घेऊन. सुनंदाला इंग्रजीत त्रेपन्न होते. "आला न्हवं गुण?" सासू म्हणाली. माझं मन मला खात होतं. मी सुरुवात केली, "मावशी, खरं म्हणजे हा कोर्स…"

"बाई, मला काय कळत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "गोळी घेतल्यालं माणूस आरशाम्होरं विंग्रजी बोलतंय का कुठं? पर आमच्या मालकांना शिक्षाण म्हणलं की राग येतोय, आन् दुखणं म्हणलं की गप बसत्यात. मग म्या म्हणलं, ऱ्हाऊ द्या पोरीला आजारी."

सुनंदाने ढेप फोडून पहिला खडा सासूच्या हातावर ठेवला. जाताना म्हातारी वळून सरांना म्हणाली, "सर, तुमचा झाला का हो कवा कोर्स पुरा?" सहज विचारलं असेल, पण त्या रविवारी सरांनी चहा संपवून स्वयंमूल्यमापन घेतलं नाही.

पुढे काही वर्षांनी सर वारले, तेव्हा त्यांच्या पत्नीने त्यांच्या टेबलाच्या खणातला एक पुठ्ठा मला आणून दिला. दहा पाकिटं, सुबक चिकटवलेली, प्रत्येकावर त्यांच्या प्रबंधातल्या एकेका प्रकरणाचं नाव. सहा फोडलेली होती. सातवं कधीतरी अर्धं उघडून पुन्हा डिंकाने बंद केलेलं. मी पुठ्ठा उलटून पाहिला. 'दिवसाआड एक, जेवणानंतर' हे होतं. एक्सपायरीपुढची जागा मात्र त्यांनी कोरी ठेवली होती.