आतला पॅड

मुकुंदवाडीचा फकिरा मिस्त्री चाक न खोलताच, त्याच्या आऱ्यांच्या फटीतून डोकावून ब्रेकपॅडची झीज सांगायचा. लई तोरा होता त्याला. त्याच्या गिऱ्हाइकाची, अभयची गाडी रोज रस्त्यावर अन् रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर पळायची. आज सकाळी फकिरानं ती तशीच फटीतून बघून सोडली अन् अभय बायकोलेकरांसंगं कन्नड घाटाकडं गेला.

दुपारी दुसऱ्या गाडीचं चाक खोललं, तर फटीतून दिसणारा बाहेरचा पॅड जाड अन् न दिसणारा आतला लोखंडापर्यंत खलास. फकिरानं तसाच फोन उचलला. ट्रॅकवर तापलेल्या अभयच्या गाडीचं काय?

चौथ्यांदा फोन लागला. अभयची बायको बोलली, "मामा, घाट उतरायलोत. ब्रेक दाबला की करकर वाजतंय."

"गिअर खाली घ्यायला सांग! डोंगराच्या अंगाला लावा!"

बराच वेळ नुसती करकर.

"थांबली, मामा."

फकिरानं नवे पॅड अन् चाक खोलायचा पाना उचलला अन् फटफटीला किक मारली.