म्हैस वर्गात आली

आजचं आजच लिहून ठेवते. माणसांना बोलून सांगणं मला कधी जमलं नाही.

आमची सून विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गाला समाजशास्त्र शिकवते. कसबा बावड्यातल्या आमच्या घरातूनच, आतल्या खोलीत लॅपटॉप मांडून. शिकणारी सगळी कामाधंद्यातली पोरं-पोरी. कुणी दुकानात बसून ऐकतं, कुणी बाळाला मांडीवर घेऊन. पडद्यावर नुसते काळे चौकोन, चेहरा एकही नाही. ती विचारायची, "कळलं का?" आणि पंख्याचा तेवढा आवाज यायचा. मी दाराशी शेंगा फोडत बसलेली असायचे. जीव माझाच खालीवर व्हायचा.

पोरं बोलत नाहीत आणि हळूहळू यायचीही बंद होतात, म्हणून वरच्या सरांनी तिला सांगितलं होतं, आजच्या तासाला मी स्वतः बसून बघणार. वर्ग असाच मुका राहिला तर पुढच्या सत्रात तो दुसऱ्या कुणाकडे जाणार. पोरीला घास गिळवत नव्हता.

मला त्या मुक्या पोरांचं कळत होतं. चौथीपर्यंत शिकले, पण उत्तर येत असलं तरी हात वर केला नाही. सगळी वळून बघतील, ही भीती. अजूनही हळदीकुंकवात उखाणा घ्यायची पाळी आली की मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत पळते.

सुनेनं एक नवी सोय शोधून काढली होती. फोनवर प्रश्न येतो, खाली चार रंगांची बटणं. ज्याला जे वाटेल ते त्यानं दाबायचं. मग पडद्यावर सगळ्यांसमोर रंगीत पट्ट्या वाढत जातात आणि दाबणाऱ्याचं नाव पट्टीवर उमटतं. खरं नाव द्यायची सक्ती नाही, टोपणनाव चालतं. आज सकाळी सरावासाठी तिनं जुना फोन माझ्या हातात दिला.

"आई, नाव टाका."

"माझं नाव नको गं बाई."

"मग काहीही टाका की!"

खिडकीतून गोठा दिसत होता. मी टाकलं, म्हैस. सून पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

दुपारी तास सुरू झाला. फोन माझ्याजवळच राहिला होता. एकदम त्यावर प्रश्न उमटला. गावात बातमी सगळ्यात आधी कुठं पसरते? चावडी, डेअरी, पाणवठा, मोबाईल. मला वाटलं, सकाळचा सरावच चाललाय. लहानपणीचा पाणवठा आठवला आणि मी तेच बटण दाबलं.

आत लॅपटॉपवर एकच पट्टी चढली. निळी, पाणवठ्याची, एकटीच. तिच्यावर नाव, म्हैस.

सून गारच पडली. तेवढ्यात एका काळ्या चौकोनातून हसू फुटलं.

"मॅडम, ही म्हैस कोण हाय?"

"कुठल्या जमान्यातली म्हैस म्हणायची! आता घराघरात नळ आलाय की. पाणवठा हाय कुठं?"

"आमच्या मुडशिंगीत सगळं डेअरीवर कळतंय. किटली खाली ठेवायच्या आत."

"व्हय, तुझी सोयरीक मोडल्यालीबी तुला डेअरीवरच कळली की!"

हसण्याचा नुसता गदारोळ. पट्ट्या भराभर वाढायला लागल्या. त्यांच्यावर नावं काय, रेडा, कोंबडी, उसाचं कांडं! वडगावची एक पोरगी म्हणाली, "मोबाईलवर आधी येतंय, पण खरं कोण मानतंय? खरं-खोटं करायला सासू डेअरीलाच धाडती."

"थांबा, हा मुद्दा सोडू नका," सून म्हणाली. तिचा आवाज आता खणखणीत लागला होता. पोरं एकमेकांचं तोडून बोलत होती. माझा पाणवठा पार चितपट झाला आणि मी दाराशी बसून, तालमीत कुस्ती बघावी तशी, रंगून गेले होते. आपल्या एका बोटानं हे झालं!

मग सरांचा आवाज आला. "मॅडम, हजर मुलांपेक्षा एक नाव जास्त आहे, आणि म्हैस कोण ते कुणीच सांगत नाही. मी बघणार म्हणून हा विद्यार्थी तुम्हीच उभा केलात का?"

सुनेचे कान लाल झाले. तिनं दाराकडं बघितलं, पण माझं नाव काही सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, मी नको म्हटलेलं ती कधी करायची नाही.

मी उठले. मांडीवरची फोलपटं खाली सांडली. पदर सारखा करून लॅपटॉपसमोर उभी राहिले.

"मी हाय. सासू. मीच दाबलं चुकून, तिला ठाऊक न्हाय."

माझं तोंड बघायला एकेक कॅमेरा उघडला. काळ्या चौकोनांत माणसं उगवली. आयुष्यभर ज्याला भ्याले तेच झालं, सगळी माझ्याकडं बघत होती. आणि मी तशीच उभी!

सर हसले. "आई, बाहेरच्या माणसाला वर्गात बसता येत नाही."

"राहू दे की सर म्हशीला!" पोरं ओरडली.

"म्हैस नाही राहणार. वर्ग मात्र मॅडमकडेच राहील. चालू द्या, डेअरीचं अर्धवट राहिलंय."

धार काढायला आज उशीर झाला. गोठ्यात गेले तर म्हैस रागानं शिंगं हलवत होती. तिच्या पाठीवर हात ठेवून तिला सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. शेजारीण कुंपणाशी थांबून ऐकत होती, तरी थांबले नाही.