पडद्याकडे पाठ

अख्ख्या मावळात आमच्या घरमालकांइतके सिनेमे कुणी पाहिले नसतील, आणि त्यातल्या एकाही सिनेमाची गोष्ट त्यांना सांगता येत नसे. त्यांना सारे आबा म्हणत. तळेगावात सिनेमाचा तंबू लागला की आबा रोज संध्याकाळच्या खेळाला रीतसर तिकीट काढून जात, अगदी पुढे पोरांच्या समोर फतकल मारत आणि पडद्याकडे पाठ करून पोरांची तोंडं बघत बसत. पहिल्या दिवशी तंबूवाल्याला वाटलं, हे करमणूक कराचे साहेब, माणसं मोजायला आलेत. त्यानं घाईघाईनं निव्वळ दुधाचा चहा पाजला. आबा तो प्यायले आणि पुन्हा पोरांकडे वळले. "शिनेमा काय, उद्याबी हाच हाय," ते म्हणत. "ही तोंडं उद्या अशी न्हाई ऱ्हायची."

खेळ सुटला तरी पोरांची सुटका नसे. चिंचेखाली बसवून सगळ्यांची उलटतपासणी चाले. "तू कुटं भ्यालास?" "मी न्हाई भ्यालो." "भ्यालास. भैनीचा हात धरल्याला आमी पाह्यला. भ्यायला काय पैसं पडत्यात व्हय?" मग तो गडी कबूल होई, सगळी भीती बडबडून टाकी आणि हसत घरी जाई. सिनेमानं पोरं बिघडतात, असं मी एकदा त्यांना ऐकवलं. आबा उसळलेच. "पडदा न्हाई बिघडवत, भाऊ. पडद्याम्होरं एकलं सोडलं की बिघडत्यात."

ते मला लागलं, कारण माझी सुमन रोज एकटीच सिनेमाला जाई. तिची आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि पोरगी अजून एकदाही रडली नव्हती. मला वाटे, सिनेमात रमते, बरं आहे.

"रमत न्हाई ती," आबा म्हणाले. "पडद्यावर आई आली की डोळं मिटून घेती. उद्या तुमी या."

गेलो. आबांनी मला शेजारी, पडद्याकडे पाठ करूनच बसवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या ऑफिसातले दोघे समोरून खुशाल हसत होते. एवढ्यात माझ्यामागे पडद्यावर कुणी बाई अंगाई म्हणू लागली. सुमननं डोळे मिटले. मी तिच्याकडेच बघत राहिलो. तिनं डोळे उघडले तेव्हा समोर मी होतो. पोरगी उठली, बाकीच्यांना तुडवत आली आणि माझ्या कुशीत शिरून जी रडू लागली, ती खेळ संपला तरी थांबेना.

आबा परवाच्या थंडीत गेले. सुमन मनसोक्त रडली. मी तिला गप्प केलं नाही.