डोंगरावरची आक्का मंगळवार पेठेत

गर्दीत चुकलेलं माणूस नकाशावर दाखवणारं ॲप माझ्या भाचीने, मृणालने, बनवलं. सोमवारी ते गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं. आधी जोतिबाच्या डोंगरावर, देवळाच्या गर्दीत तपासून बघ, असं मीच ठणकावलं. रविवारी तिला आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, गाडीत घालून मंगळवार पेठेतल्या आमच्या घरून निघालो.

जाणार असाल तर केर्लीच्या रस्त्याने सकाळीच वर पोचा. उशीर केलात तर घाटात देवाआधी गाड्यांचं दर्शन होतं आणि पार्किंगला शिट्टीवाला कुणीही पन्नास रुपये मागतो. पांढरा शर्ट घालू नका. मी घातला होता.

देवळापाशी गुलालाचा लोट उठला आणि तो विरेपर्यंत आक्का गायब. तिला साखरेचा त्रास. गोळी घेतलेली आणि दर्शनाआधी खायचं नाही हा हट्ट. फोन लागेना. मृणालने ॲप उघडलं. निळा ठिपका थेट मंगळवार पेठेत, आमच्या घरावर.

"मामा, आई घरी गेली?"

"उडत गेली काय?"

तिचा चेहरा उतरला. "ताजी जागा मिळाली नाही की ते शेवटची माहीत असलेली जागा दाखवतं."

"जुनी आहे असं सांगतं का?"

"नाही. ठिपका तसाच दिसतो."

मी आयुष्यभर व्यासपीठांवरून थापाड्यांना झोडपलंय, पण इतक्या शांतपणे थाप मारणारा पहिल्यांदाच भेटला. माहीत नसेल तर तसं सांगावं. माणसाने सांगावं, यंत्रानेही.

"आई दर्शन सोडणार नाही," म्हणत मृणाल बाहेर पडायच्या दाराकडे धावली. तिथे पायरीवर आक्का, डोक्यापासून गुलाबी, घामाघूम, हात थरथरताहेत. साखर उतरली होती; आधी दोन पेढे तिच्या तोंडात कोंबले.

"कुठं गेलतासा दोघं?" पेढा गिळून तिने विचारलं.

"फोन कुठाय, आई?"

"गाडीत बसतानाच बंद करून पिशवीत बांधलाय की. गुलाल गेला असता आत."

"आणि ॲप?"

"ते घरातनं निघताना उघडून बघितलं की. चालत हुतं."

संध्याकाळी घरी मृणाल अडून बसली. "ॲपनेच 'माहीत नाही' म्हटलं तर कोण घेईल, मामा?"

मी तासभर भाषण दिलं. तिने ते ऐकलं असेल असं वाटत नाही. ती आईच्या हाताकडे बघत होती. मग तिने ठिपका करडा केला आणि खाली लिहिलं: 'आत्ता कुठे आहे ते कळत नाही. ही जागा सकाळची.'

आक्काने चष्मा लावून वाचलं.

"आता बरं," ती म्हणाली. "हे वाचून निदान हुडकायला तरी यालासा."