हरलेल्यांचं सोनं

“हात पुढे कर,” असं म्हणून पार्सिपनीचे आमचे शेजारी काका आल्यागेल्याच्या तळहातावर एक सोन्याचं नाणं ठेवत. शर्टाच्या बटणापेक्षा जरासं मोठं. मग विचारत, “कुणाचं? ओळख!” कुणालाच ओळखता येत नसे, आणि काकांना तेच हवं असे.

नाणं होतं ब्रेत्ती लोकांचं. दक्षिण इटलीतले हे लोक दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कार्थेजच्या बाजूने रोमविरुद्ध लढले, ऐन युद्धात त्यांनी सोन्याची नाणी पाडली आणि मग सपशेल आपटले. “जिंकलेल्यांची नाणी कोणीही जमवतं रे,” काका म्हणत. परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या इलेक्शनमध्येही ते हमखास पडणाऱ्या पॅनेललाच मत देत. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. ती नसती तर पडणाऱ्यांनी जायचं कुठे?

काकूंचं म्हणणं सरळ होतं. “एवढ्या पैशांत माझ्या बांगड्या झाल्या असत्या!”

एकदा नाणेसंग्राहकांच्या प्रदर्शनात ते नाणं मांडायचं ठरलं. काका महिनाभर हवेत. परक्या लोकांत घाणेरडं कसं पाठवायचं, म्हणून आदल्या दिवशी काकूंनी देवाच्या भांड्यांबरोबर त्यालाही चिंच लावली आणि रांगोळीने खसाखसा घासलं. नाण्यावरच्या समुद्रदेवाची दाढी जवळजवळ गुळगुळीत झाली. जुनं नाणं घासलं की ते संग्राहकांच्या लेखी बाद होतं, हे काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रदर्शनवाल्यांनी नाणं परत केलं. मी सोबत होतो. काका पार्किंगमध्ये बराच वेळ गाडीत बसून राहिले. आज घरी युद्ध पेटणार, असं मी धरून चाललो होतो. काकू दारातच उभ्या होत्या. “काय म्हणाले?”

“अगं, सगळ्या हॉलमध्ये इतकं चमकणारं दुसरं नाणं नव्हतं!”

हे अगदी खरं होतं. काकूंनी आठवडाभर सगळ्यांना फोन केले. मला मात्र काकांनी दम भरला, “तोंड उघडलंस तर बघ.”

गेल्या हिवाळ्यात काका गेले. काकू लेकीकडे सांता क्लाराला जायला निघाल्या, तेव्हा विकायचं की ठेवायचं म्हणून आम्ही ते नाणं एका जाणकार दुकानदाराला दाखवलं. त्याने भिंग लावलं आणि कळवळून विचारलं, “हू क्लीन्ड धिस?”

“आय डिड!” काकू फुलून म्हणाल्या. “माय हजबंड वॉज सो प्राउड.”

मी काकूंच्या मागून त्याला हात जोडले. त्याने माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. “मॅम, आय हॅव नेव्हर सीन वन धिस शायनी.”

“मग नाही विकायचं,” म्हणत काकूंनी नाणं पर्समध्ये टाकलं. “ह्यांना आवडलं नसतं.”