माईकमध्ये शिरलेलं गाऱ्हाणं

तारकर्लीच्या खानावळवाल्या काकींमुळे माझ्या हातात माईक राहिला. हे आधी सांगतो, बाकीचं मागाहून.

मी बुलढाण्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला. इथे एका लॉजवर पंपाचं नि लाइटचं काम बघतो. काकींकडे जेवणाऱ्या इथल्याच तीन मित्रांनी मुंबईच्या सिनेमाविरुद्ध बंड पुकारलं होतं. त्यांच्या फिल्ममध्ये गाणं नाही, मेकअप नाही, हिरो नाही. मुहूर्ताचा नारळसुद्धा नाही, ते म्हणे धंदेवाल्यांचं थोतांड! काकी वाढता वाढता म्हणायच्या, "मगे लोकांनी बघूचा काय? तुमची थोबाडां?"

मला वायरी कळतात म्हणून त्यांनी आवाजाचं काम दिलं. पण दोन शॉट माझ्यामुळे वाया गेले. एकदा माईक चालूच केला नव्हता, एकदा भीतीने माझाच श्वास त्यात भरला. तिघांतला दिग्दर्शक म्हणाला, "आनी एक शॉट घालवलंस तर पंपच बघ, बाबा." आणि मी तर आईला 'सिनेमात लागलो' असं सांगून बसलो होतो.

पुढचा शॉट होता होडी पाण्यात ढकलण्याआधीच्या गाऱ्हाण्याचा. एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. पण एरवी पुरुष घालतात ते गाऱ्हाणं इथे बाई घालणार. मुंबईवाल्यांना हे सुचायचं नाही, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. काकी तयार झाल्या. मात्र लिहून दिलेलं बाजूला ठेवून त्या खरोखरच देवाशी बोलायला लागल्या.

"बा देवा म्हाराजा! ह्यो कोणाचो तरी झील लांबसून इलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

झील म्हणजे मुलगा, तो मीच. आणि होकार कॅमेऱ्यामागून, तिघांचाही! लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं. नारळ नाकारणाऱ्या दिग्दर्शकाचा आवाज सगळ्यांत मोठा.

"ह्येच्या हातातला काम कोणी काढून घेव नये, अशी बुद्धी ह्या तिगांका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शॉट संपला. "आवाज बिघडला," मी म्हणालो.

दिग्दर्शक भडकला, "परत? कोणाचो आवाज शिरलो?"

"तुमचा."

काकींनी पदर खोचला. "देवासमोर व्हय म्हटलंस मां? आता फिरतलंस काय रे?"

तो वाळूत बसून हसायलाच लागला. "नाय गे काकी. ऱ्हवांदे तेका."

शॉट तसाच ठेवला, तिघांच्या होकारासकट. सध्या आमची दुसरी फिल्म चालू आहे. प्रत्येक शॉटआधी बटण दोनदा तपासतो, आणि माईक माझ्याकडेच आहे.

काकींनी ती फिल्म अजून पाहिलेली नाही. जेवणाऱ्यांतून सवड कुठली? कधीतरी माझ्या गावच्या पारावर पडदा लावीन, काकींना इथून घेऊन जाईन आणि आईशेजारी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवीन. त्या दिवशी त्यांना मी वाढीन.