विहिरीकडची सरी

तुम्ही नातवंडं इथे आलात की पहिल्याच दिवशी टोमॅटोचं सार मागता. यंदा ते मिळेल, पण तसं लागणार नाही. का, ते आधीच लिहून ठेवते, म्हणजे पानावर बसल्यावर तुम्ही विचारणार नाही.

सारासाठीचे टोमॅटो चांदवडजवळच्या आपल्या मळ्यातून येत. मळा आता आजोबांचा पुतण्या आणि त्याची बायको बघतात. विकायला ते संकरित टोमॅटो लावतात. रोपं दर वर्षी विकत आणायची, फवारण्याही बऱ्याच, पण माल भरघोस येतो आणि साल इतकी जाड, की ट्रकमधून कितीही लांब जावा. विहिरीकडची एक सरी मात्र घरची. तिथे गावठी टोमॅटो, बी घरात धरलेलं. आंबट, पातळ सालीचे, वेडेवाकडे. त्यांची एक पिशवी नेहमी माझ्यासाठी येई.

गेल्या वर्षी मी पुतण्याच्या बायकोला, सूनबाईला, म्हटलं, "हेच का नाही विकत? बी घरचं, औषध कमी. शहरात गावठी म्हटलं की लोक दुप्पट भाव देतात."

"काकू, घरी खायाला लय चांगलं हाय. पण हे लगेच गळतं. व्यापारी हात लावीत नाय याला."

"व्यापारी हवा कशाला? आमची एवढी मोठी सोसायटी आहे."

ती पुढे काही बोलली नाही, आणि तिला पटलं असं मी धरून चालले. मी चुलत सासू, त्यात इंग्रजी शिकलेली, तिच्या नवऱ्यासमोर बोलत होते. ती आणखी काय बोलणार होती? मळ्यातल्या एका तुकड्याचं उत्पन्न तिच्या हातात येई. त्यातून तिला घरघंटी घ्यायची होती, गल्लीतल्या बायकांची दळणं करून द्यायला. त्याच तुकड्यात तिने गावठी लावले.

पहिल्या रविवारी सूनबाईने आमच्या पार्किंगमध्ये क्रेट आणून उतरवले आणि ते बघता बघता रिकामे झाले. मी भाव सांगत, ओळखी करून देत मिरवले. दुसऱ्या रविवारी शेजारीण एकेक टोमॅटो उलटून बघत म्हणाली, "अहो, याला चिराच फार. मागचे तर फ्रीजमध्येच पाणी सोडून बसले." पुढच्या खेपेला कुणी चटणीपुरते घेतले, कुणी खालीच उतरलं नाही. आणि तिकडे मळ्यात सगळा माल एकदम पिकला होता.

उरलेले क्रेट जिन्याखाली सरकवून मी सूनबाईला चहाला वर आणलं. दूध काढायला तिने फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात टोमॅटो होते, गुळगुळीत, लांबट, सगळे एका मापाचे. कोपऱ्यावरच्या गाडीवरून मीच घेतलेले. त्यांच्या चकत्या नीट पडतात म्हणून.

तिने एक उचलून दाबून पाहिला. "काकू, हे आमच्याच रानातले तर नाय ना?" असं म्हणून हसली.

"पाहुणे येणार होते," मी म्हटलं. कुणीही येणार नव्हतं.

"असू द्या की. कापायला हेच बरे पडतात." तिने तो परत जागेवर ठेवला आणि चहा टाकला.

घरघंटी आली नाही. मी पैसे देऊ केले, तर म्हणाली, "घरच्या माणसाकडून काय घ्यायचं?" मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिने नाही म्हटल्यावर मला हायसं वाटलं होतं, हेही तुम्हाला कळलेलं बरं.

यंदा दिवाळीनंतर पुतण्या पिशवी घेऊन आला. आत जाड सालीचे, लांबट टोमॅटो.

"हिने निवडून दिलेत," तो म्हणाला. "काकूंना हेच लागतात म्हणाली."

मी छान आहेत म्हटलं. विहिरीकडची सरी अजून आहे का, हे विचारायला तोंड उघडेना. तो गेल्यावर त्याच टोमॅटोंचं सार केलं. आंबटपणासाठी त्यात चिंचेचा कोळ घातला. तुमच्यासाठीही तसंच करीन.